दोन श्रावणांचे ससे

रंगनाथ ठुबे मूळचा पारनेर तालुक्यातला, पण जयपुरात त्याला ठुबे म्हणून कुणी ओळखत नसे. चांदपोल दरवाजाबाहेर एका शेठजींनी धर्मादाय औषधशाळा काढली होती. तिथे तो ससे सांभाळायचा, म्हणून लोक त्याला 'खरगोशवाले भाईजी' म्हणत. हे नाव त्याला आवडत होतं की नाही, कोण जाणे. आवडनिवड सांगायची त्याची रीतच नव्हती. पलटणीत त्याचं अर्धं आयुष्य खेचरांमागे गेलं होतं. खेचरांशी बोलता बोलता माणसांशी बोलायचं राहून गेलं, असं त्याची बायको तारामती म्हणायची.

त्याची पलटणीतली नोकरी संपली तेव्हा तो जयपूरच्या छावणीतच होता. गावाकडे परतायचं तर जयंतीची शाळा मोडणार होती. ही त्यांची एकुलती एक मुलगी हिंदी शाळेत रुळली होती आणि घरातही 'मतलब' म्हटल्याशिवाय तिचं वाक्य पुढे सरकत नसे. मग राहिले ते राहिलेच. तारामतीला हे शहर आधी मुळीच मानवलं नाही. इथलं पाणी जड, इथली बोली तोंडात बसत नाही, आणि मुख्य म्हणजे इथले महिनेसुद्धा आपल्यासारखे चालत नाहीत. गुरुपौर्णिमा झाली की शेजारणींचा सावन सुरू व्हायचा. तारामतीचा श्रावण मात्र अवस झाल्याशिवाय लागायचा नाही. शेजारणींनी राखीला महिना संपवला तरी हिचा अर्धा श्रावण शिल्लक असायचा. "हितल्या देवाला आपल्यापेक्षा पंधरा दिवस घाई," असं ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी स्वतःच हसायची.

बाजरी मात्र इथेही चांगली मिळते म्हटल्यावर तिने जयपूर पदरात घेतलं. पुढे एकदा छावणीतल्या बायकांबरोबर ती कानोत्याच्या बाजूला गेली होती. तिथल्या माळावर पिवळीधमक फुलं दिसली. "अगं बाई, हा तर आपला तरवड!" असं म्हणत ती त्या झुडपाशी अशी बसली, जणू माहेरचं माणूस भेटलं. इकडे त्याला आंवल म्हणतात. कातडी कमावणारे त्याची साल सोलून नेतात, फुलांकडे कुणी ढुंकून बघत नाही. तारामती दर नवरात्रात घटाला त्याच फुलांची माळ घालू लागली. गावची देवी आता इथे आली, असं तिने जाहीर करून टाकलं.

तिचं दुखणं निघालं तेव्हा जयंतीच्या लग्नाचं बघत होते. तहान शमेना, अंगावरचं मांस उतरत चाललं, चोळ्या सैल झाल्या. दवाखान्यात लघवी तपासली आणि साखर निघाली. रोज सकाळी सुई टोचायची, जन्मभर. दवाखान्याच्या वाऱ्या नकोत म्हणून रंगनाथच सुई शिकला. पलटणीत खेचरांना टोचायची त्याला सवय होती, पण खेचरासमोर न हललेला हात बायकोच्या दंडाजवळ थरथरायचा. सकाळी एका चुलीवर चहा आणि दुसऱ्या चुलीवर काचेची पिचकारी उकळत असे. तारामती भिंतीकडे तोंड करून बसे. "आज राहू द्या, उद्या दोन द्या," असं म्हणायची. रंगनाथ तरी टोचायचा. चहा मग दोघं बरोबर पीत.

जयंतीचं लग्न झालं, ती अजमेरला गेली. घरात दोघंच उरली आणि त्यांच्यामध्ये ती सुई.

औषधशाळेत डॉक्टर भार्गव होते. माणूस हुशार आणि सरळ, पण डोक्यात एकच वेड. जुन्या वैद्यांनी फुलांबद्दल जे लिहून ठेवलंय ते खरं की खोटं, हे त्यांना रक्त तपासून बघायचं होतं. साठ साली त्यांनी आंवलची फुलं धरली. मधुमेहाला ही फुलं चालतात असं वैद्य म्हणत आले होते. डॉक्टरांना आधी रक्तातली चरबी बघायची होती, ज्याला ते कोलेस्टेरॉल म्हणत, आणि साखरेकडे त्यानंतर वळायचं होतं. त्यासाठी ससे आणले. सशाच्या रक्तात चरबी चढावी म्हणून कोंड्यात अंड्याचा बलक कालवून त्याला खाऊ घालायचा. आतल्या खोलीतल्या सशांना त्यावर फुलांचा अर्क पाजायचा, बाहेरच्या खोलीतल्यांना पाजायचा नाही. मग दोन्हींचं रक्त काढून फरक बघायचा. जनावराच्या तोंडात औषध घालण्यात रंगनाथचा हात बसलेला होता, म्हणून अर्काची आतली खोली त्याच्याकडे आली. बाहेरची खोली भंवरलालकडे. हा जयपूरचाच, कपाळाला गंध लावणारा, गोड बोलणारा माणूस.

आता रंगनाथ माळकरी. बापाने घातलेली तुळशीची माळ पलटणीतही त्याच्या गळ्यातून उतरली नव्हती. त्याने अंडी फोडायची म्हणजे पंचाईतच. पहिल्या दिवशी त्याने घरी येऊन आंघोळ केली आणि कामाचे कपडे दाराबाहेर ठेवले. "ससा जन्माचा माळकरी," तारामती म्हणाली, "त्याला तुम्ही बाटवायला निघालात." पण नोकरी ती नोकरी. हळूहळू त्याचा हात सरावला.

श्रावण जवळ आला तेव्हा मात्र तारामती हटून बसली.

"बारा महिन्यांत एक महिना," ती म्हणाली. "श्रावणात तरी नका घालू अंडं. ती मुकी जनावरं. त्यांना काय पाप लागायचं नाही. तुम्हाला लागंल."

"डॉक्टरला कळलं तर?"

"कोण सांगतंय डॉक्टरला?"

रंगनाथला तिचं म्हणणं पटलं होतं, नुसतं कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्याने भंवरलालकडे विषय काढला. तो तर आधीच तयार होता. "भाईजी, सावन में मैं भी नहीं खिलाता। डॉक्टर साब को मत बताना।" रंगनाथला हायसं वाटलं. दोघांनीही महिनाभर अंडं बंद ठेवायचं. म्हणजे दोन्ही खोल्यांत सारखंच कमी होणार, फरकात फरक पडायचा नाही, फिट्टंफाट. एवढ्यावर त्यांचं बोलणं संपलं. महिना कोणता, हे दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही. श्रावण म्हणजे श्रावण. जे कोडं तारामती दरवर्षी हसत हसत सांगायची, ते तिच्या नवऱ्याला ऐन वेळी आठवलं नाही. माणसाचं डोकं असंच चालतं. घरातलं ज्ञान घरातच ठेवून तो कामावर जातो.

दोघं आपापल्या खोलीत राबत होते. अंडी फाटकावरच्या कुत्र्यांना गेली. पोळ्याच्या दिवशी, श्रावण सरता सरता, डॉक्टरांनी रक्त काढलं.

निकाल बघून डॉक्टरांनी सगळ्यांना पेढे वाटले. आतल्या खोलीतल्या सशांच्या रक्तात बाहेरच्यांपेक्षा चरबी कितीतरी कमी होती. रंगनाथच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "फूल काम करता है, रंगनाथजी!" मग जरा सावरून पुढे म्हणाले, की हे ससे आहेत, माणूस नव्हे. साखरेचं तर अजून पाहिलेलंच नाही, ते पुढच्या वर्षी.

रंगनाथने घरी जाऊन पेढा देवापुढे ठेवला आणि डॉक्टरांचं बोलणं तारामतीला सांगितलं. पहिलं वाक्य सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्याला स्वतःलाच ते नीट ऐकू आलं नव्हतं, कारण ऐकायचं नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर काडीवर डॉक्टरचा शिक्का होता.

"आमची आई हेच द्यायची," तारामती म्हणाली. "ज्याच्या लघवीला मुंग्या लागायच्या त्याला तरवडाच्या फुलांचा काढा. मग मला का नको?"

त्या नवरात्रात तिने घटाच्या माळेतली उरलेली फुलं वाळत घातली. रोज सकाळी काढा होऊ लागला. आठवडाभर काढा आणि सुई दोन्ही चाललं. मग एका सकाळी रंगनाथने पिचकारी उकळायला ठेवली नाही. तारामती सवयीने भिंतीकडे तोंड करून बसली होती. बराच वेळ काहीच टोचलं नाही, तेव्हा तिने मागे वळून बघितलं. रंगनाथ चहा गाळत होता. ती एवढी हसली, की त्याला ती नव्या नवरीसारखी दिसली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपण हिला काहीतरी दिलं, असं त्याला वाटलं, आणि तो सुखावला.

पहिले काही दिवस बरे गेले. दिवाळीला जयंती आली तेव्हा आईने तिच्यासमोर दोन करंज्या खाल्ल्या. मग तहान परत आली. "औषध आतलं बाहेर काढतंय," ती म्हणाली. पाय गळून जात. तोंडाला कसलासा उग्र वास येई. तिने काढ्यात मूठभर फुलं वाढवली. रंगनाथने एकदा फळीवर ठेवलेली पिचकारी काढली, तर ती म्हणाली, "आता मोडता घालू नका. एवढं निभावलंय." त्याने पिचकारी परत फळीवर ठेवली.

मार्गशीर्षात एका गुरुवारी ती भाकरी थापता थापता आडवी झाली. श्वास मोठा, खोल, धापा टाकल्यासारखा चालला होता. टांग्यातून दवाखान्यात नेली. तिथे सगळे धावले, सुया दिल्या, बाटल्या लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

जयंती अजमेरहून आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तेराव्यानंतर तिने विचारलं, "बाबा, आईची सुई बंद कुणी केली? मतलब, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

"हो," रंगनाथ म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं."

जयंतीने मान हलवली आणि आईच्या साड्या आवरायला घेतल्या.

त्यानंतर रंगनाथला काही वाटेनासं झालं. लोक म्हणत, भाईजी, दुःख करू नका. आपण दुःख करत नाही, हेच त्यांना कसं सांगावं, हे त्याला कळत नसे. भूक लागे, तो जेवे. झोप येई, तो झोपे. थंडी वाजे, तो घोंगडी घेई. सकाळी उठून तो एका चुलीवर चहा ठेवायचा आणि दुसऱ्या चुलीवर पिचकारी उकळायला ठेवायचा. उकळली की पुसून फळीवर ठेवून द्यायचा. हे आपण का करतो, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. गल्लीत होळी झाली, रंग उडाला, त्याने सदरा धुऊन टाकला. घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून तो औषधशाळेत लवकर जाऊन बसू लागला. सशांजवळ बसलं की कुणी काही विचारत नाही.

इकडे फुलांची ख्याती झाली होती. डॉक्टरांनी थांबा म्हणूनही शेठजींना धीर निघाला नाही. दर रविवारी फाटकावर वाळल्या फुलांच्या पुड्या फुकट वाटायला सुरुवात झाली. चौमूंहून, सांगानेरहून माणसं यायची.

एकसष्ट सालचा श्रावण आला. डॉक्टरांनी प्रयोग पुन्हा मांडला होता, या वेळी साखरेसह. रंगनाथने ठरल्याप्रमाणे आतल्या खोलीतलं अंडं बंद केलं. आता सांगायला तारामती नव्हती, पण तिचं सांगणं होतं. अर्धा श्रावण झाला. राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर आला आणि बाहेरच्या खोलीत डोकावला. भंवरलाल मांडी घालून बसला होता. त्याच्या मनगटाला बहिणीची लाल राखी होती, आणि त्याच हाताने तो परातीच्या काठावर अंडं फोडत होता.

"अरे भंवरजी, सावन में?"

"सावन तो कल पूरा हो गया, भाईजी। कल राखी थी ना।"

रंगनाथ खोलीत आला. "पिछले साल भी राखी के बाद खिलाया था?"

"हाँ। महीना पूरा, फिर नौकरी।" भंवरलाल हसला. "आपका अभी चल रहा है क्या?"

इथल्या देवाला पंधरा दिवस घाई. तारामतीचा आवाज रंगनाथला स्वच्छ ऐकू आला, हसण्यासकट. गेल्या वर्षी भंवरलालचे ससे राखीपासून पोळ्यापर्यंत अंडी खात होते. रंगनाथचे ससे त्याच दिवसांत निव्वळ कोंडा आणि गवत खात होते. रक्त काढलं तेव्हा त्याच्या सशांच्या रक्तात चरबी नव्हती, कारण ती त्यांनी खाल्लीच नव्हती. फुलांनी काही केलं असेल वा नसेल, पण जे दिसलं ते फुलांचं नव्हतं. ते श्रावणाचं होतं. तारामतीच्या श्रावणाचं. पेढा देवापुढे ठेवला होता तो तिच्याच उपासाचा होता, आणि त्यावर विसंबून त्याने तिची सुई बंद केली होती.

तो आतल्या खोलीत गेला, सशांपुढे गवत टाकलं, पाणी भरलं. रडू येईल असं त्याला वाटलं, म्हणून तो थोडा वेळ थांबला. आलं नाही. मग तो डॉक्टरांकडे गेला आणि सगळं सांगितलं. नोकरी जाईल ही भीती त्याला वाटली नाही. भीती वाटायलाही माणसाजवळ काहीतरी शिल्लक लागतं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडायला त्यांनी तोंड उघडलंही, मग समोरच्या माणसाचा चेहरा बघितला. "पुन्हा करू," एवढंच म्हणाले.

पुन्हा केलं. दिवाळीनंतर, जेव्हा कुणाचाच श्रावण नव्हता. या वेळी दोन्ही खोल्यांतल्या सशांना रंगनाथनेच खाऊ घातलं. सोमवारी घातलं, एकादशीला घातलं, तारामतीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीही सकाळी येऊन स्वतःच्या हाताने अंडी फोडली आणि मग घरी जाऊन पान वाढलं. गळ्यातली माळ त्याने उतरवून देवापाशी ठेवली होती. संक्रांतीच्या सुमारास रक्त काढलं. चरबीत फरक नाही, साखरेत फरक नाही. दोन्ही खोल्यांतले ससे एकमेकांचे सख्खे भाऊ.

डॉक्टर स्वतः शेठजींकडे गेले. शेठजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, की धर्माचं काम आहे, फुलांनी कुणाचं वाईट थोडंच होणार? पुड्या चालू राहिल्या. फुकटचं पुण्य सोडवत नाही कुणाला.

पुढच्या रविवारपासून रंगनाथ फाटकावर जाऊन उभा राहू लागला. पुडी घेणाऱ्या प्रत्येकाला तो एकच विचारायचा: सुई चालू आहे ना? पुडी घ्या, काढा प्या, नाहीतर घरी देवीला वाहा. सुई सोडू नका. काही जण हो म्हणत. काही जण चिडत. हा पुड्यांचा खप मोडायला बसलाय, असं शेठजींचा मुनीम म्हणायचा. भाईजींचं डोकं बायको गेल्यापासून फिरलंय, असं भंवरलाल म्हणायचा, तोही मायेनेच. पाऊस असो, उन्हाळ्यातली लू असो, रंगनाथचा रविवार चुकला नाही. यात त्याला समाधान मिळत होतं असं नाही. पिचकारी उकळायची तसंच हेही होतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी जयंती माहेरपणाला आली होती. रविवारी बाबा न जेवता जातात, म्हणून ती डबा घेऊन फाटकावर आली. रांगेत चौमूंची एक बाई होती, वाळून कोळ झालेली, आणि तिच्याबरोबर तिचा नवरा. रंगनाथने नेहमीचं विचारलं.

नवरा म्हणाला, सुई बंद केली पंधरवड्यापूर्वी. हिला सोसत नव्हती. आता फुलांवरच आहे, बरं वाटतंय तिला.

"आज ही चालू करो," रंगनाथ म्हणाला. "यहाँ से सीधे अस्पताल जाओ।"

नवरा बिथरला. रोज सकाळी बायको रडते, तिला टोचायचं म्हणजे काय असतं हे तुम्हाला काय माहीत, असं तो म्हणाला. मागचे लोक पुढे रेटू लागले. त्या बाईने मात्र पुडी पदरात न बांधता हातातच धरून ठेवली होती. ती रंगनाथच्या तोंडाकडे बघत होती.

"आपके घर में किसी ने छोड़ी थी क्या?" तिने विचारलं.

"छोड़ी नहीं," रंगनाथ म्हणाला. "मैंने छुड़वाई थी।"

बाईने नवऱ्याचा हात धरला आणि दोघं रांगेतून बाहेर पडून रस्त्याकडे निघाली. जयंतीने डबा फाटकाच्या कठड्यावर ठेवला. तिने बाबांकडे बघितलं. रंगनाथनेही तिच्याकडे बघितलं, आणि कितीतरी वर्षांनी त्याचा हात थरथरला. मग रांग पुढे सरकली, पुढचा माणूस समोर आला, आणि त्याने त्यालाही विचारलं, सुई चालू है ना?